एकशे सतरा नंबरची टेप

तपासणीच्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला टेपकाका टेपखोलीत शिरले, खांद्यावरची बॅग खुंटीला अडकवली आणि पाहतात तर ढगवाली कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर खिळल्यासारखी बसलेली. पडद्यावर चारशे बारा चौकोन होते. चारशे बाराही रिकामे.

"काका, टेपा कुठे गेल्या?"

"बाहेर पाठवल्या," काका म्हणाले. "काल चारच्या आत. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळा माल इमारतीबाहेर. नियमच आहे तसा."

"पण पाठवल्या कुणी?"

"मीच. दुसरं कोण आहे इथं?"

हे काकांनी जरा छाती काढूनच सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं, तेव्हा कुठे त्यांची छाती हळूहळू जागेवर आली.

कंपनी लिफ्ट बनवणारी. गेल्या चाळीस वर्षांत बसवलेल्या प्रत्येक लिफ्टचं ड्रॉइंग जपून ठेवावं लागे, कारण बसवणारे निवृत्त होतात, लिफ्ट काही होत नाही. ती एक दिवस तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकून बसते आणि मग मिस्त्रीला तिचंच ड्रॉइंग लागतं. म्हणून सगळ्या ड्रॉइंगांची नक्कल कॅसेटसारख्या कॉम्प्युटरच्या टेपेवर घ्यायची आणि टेप शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या लोखंडी दाराच्या कोठारात नेऊन ठेवायची. उद्या ऑफिसला आग लागली तरी ड्रॉइंगं शाबूत. ही नेआण काका एकोणतीस वर्षं करत होते. बॅगही तीच, चामड्याची, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मिळालेली. आणि या एकोणतीस वर्षांत एकही टेप हरवली नव्हती.

या वाक्यावर काकांचा फार जीव. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. निरोपाच्या दिवशी घड्याळ नको, भाषण नको, साहेबांनी उभं राहून एवढं एकच वाक्य म्हणावं, बाकी काही मागणं नव्हतं.

अशात, पाच महिन्यांपूर्वी, ढगवाली आली होती. सगळा साठा क्लाउडवर न्यायचा म्हणून कंपनीनं तिला नेमलं आणि ऑफिसनं पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं. मुलगी हुशार होती, काकांच्या थोरल्या लेकीएवढी. तिनं काकांना समजावून सांगितलं, की आपल्या जुन्या सॉफ्टवेअरला टेपेशिवाय दुसरं काही कळत नाही आणि ते बदलायला दोन वर्षं लागतील. म्हणून दूर कुठेतरी असं यंत्र ठेवायचं, जे टेपांचं कपाट असल्याची बतावणी करतं. खण आहेत, टेपा आहेत, टेप उचलणारा हात आहे, असं सगळं सांगतं. प्रत्यक्षात यातलं काहीच नाही.

काकांनी विचार करून विचारलं, "आणि आपलं सॉफ्टवेअर विश्वास ठेवतं?"

"ठेवतं."

"भोळं आहे बिचारं," काका म्हणाले.

कोठारातल्या जुन्या टेपा खोक्यांतून परत आल्या. ढगवालीनं त्या एकेक करून यंत्रात घातल्या, त्यांच्यातला मजकूर त्याच त्या नंबरांनी ढगात चढवला, चारशे बाराचा आकडा जुळवला, आणि जुनी यंत्रं नि टेपा भंगारात गेल्या. टेपा चढवणं चालू होतं तेव्हाच, तिसऱ्या आठवड्यात, सॉफ्टवेअर अडून बसलं होतं. म्हणे, टेप वाचायचं डोकं मळलंय, सफाईची टेप घाला. ढगात जे डोकंच नाही ते मळणार कसं? ढगवालीनं दोन दिवस खटपट केली आणि हात टेकले. शेवटी काका म्हणाले, "मागतंय तर द्यावं. एक कोरी टेप कर, तिला सफाईचं लेबल लाव आणि दे." तिनं तसं केलं, आणि सॉफ्टवेअर निमूटपणे कामाला लागलं. त्या दिवसापासून ती काकांना मानायला लागली. काका रिकामे बसून कुढतात हे तिला बघवेना, म्हणून तिनं त्यांना स्वतंत्र लॉगिन काढून दिलं. घात झाला तो इथं.

काकांनी मात्र आपलं जुनं काही सोडलं नव्हतं. मोठी नोंदवही चालूच होती. नंबर, तारीख, मजकूर, मग 'पोहोचली' असा रकाना, आणि शेवटी 'शेरा', जो एकोणतीस वर्षं कोराच होता. बॅगही रोज खांद्याला असायचीच. बायको विचारायची, आता हिच्यात असतं काय? काका म्हणायचे, काही नाही, पण ती नसली की एक खांदा वर राहतो.

तर काल दुपारी काकांनी यादी उघडली आणि तिथं त्यांना 'बाहेर काढा' असं बटण दिसलं. त्यांना बरं वाटलं. जग कितीही बदललं तरी नियम कुणीतरी लक्षात ठेवलाय म्हणायचा. त्यांनी चारशे बाराही टेपा एकेक करून बाहेर काढल्या आणि वहीत नोंद केली.

"काका, ते बाहेर म्हणजे ढगाचं तळघर," ढगवाली रडकुंडीला आली होती. "जे वर्षानुवर्षं लागत नाही ते तिथं टाकतात. परत मागवलं की वर यायला बारा तास. आणि एका वेळी दहाच."

तपासनीस तीनला यायचे होते. ते कोणतीही एक टेप सांगणार आणि तिच्यातलं ड्रॉइंग समोर उघडून बघणार. चारशे बारातल्या कुठल्या दहा मागवायच्या, आणि मागवल्या तरी त्या येणार रात्री दहाला.

साहेबांना सांगणं भाग होतं. साहेबांनी ऐकलं आणि ते खुर्चीत बसले, मग उठले, मग पुन्हा बसले. आधी ते ढगवालीवर घसरले, लॉगिन काय खाऊ आहे का वाटायला. मग काकांकडे वळून म्हणाले, या वयात बटणं दाबायची हौस कशाला. साहेबांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांनी महिन्यापूर्वी मुख्य कचेरीला पत्र लिहून कळवलं होतं, की नव्या व्यवस्थेत कोणतंही ड्रॉइंग पाच मिनिटांत मिळतं. शेवटी त्यांनी बेत आखला. आधी चहा, मग लिफ्टचं नवं मॉडेल दाखवायचं, मग पुन्हा चहा, आणि तरीही तपासनीस उरलेच तर नेटवर्क बंद आहे म्हणायचं. "आणि काका, तुम्ही तोंड उघडू नका."

काका टेपखोलीत येऊन बसले. निरोपाच्या दिवशी साहेब काय बोलतील ते आता त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं. माणूस चांगला होता, पण जाता जाता सगळ्या टेपा घालवल्या. त्यांना फार वाईट वाटलं. ढगवालीनं पाण्याचा पेला पुढे केला, तो तसाच राहिला.

तपासनीस तीनला पाच मिनिटं असतानाच हजर झाले. किडकिडीत गृहस्थ, काखेत स्वतःची पाण्याची बाटली. चहा घेत नाही म्हणाले आणि साहेबांच्या बेतातला अर्धा तास तिथंच गेला. लिफ्टचं मॉडेल त्यांनी जाता जाता पाहिलं. टेपखोलीत आल्यावर पडद्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनी काकांची नोंदवही मागून घेतली, डोळे मिटले, पान उलटलं आणि बोट टेकवलं.

"एकशे अठरा."

ढगवालीनं सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला आणि ओढणीनं तोंड पुसलं. काकांना वाटलं, खोलीत हवा कमी आहे. साहेब घसा खाकरून नेटवर्कचं सुरू करणार, एवढ्यात काकांना राहवलं नाही.

"ती इमारतीत नाही," ते म्हणाले. "सगळ्याच काल बाहेर पाठवल्या. मी पाठवल्या. आता मागवली तर उद्या दुपारी बारापर्यंत हजर करतो. नियमात तसंच आहे."

तपासनिसांनी नियमपुस्तक मागितलं. बावीस वर्षांपूर्वी काकांनीच लिहून काढलेलं पान होतं ते. तपासणीच्या आदल्या दिवशी चारच्या आत सर्व टेपा बाहेर. बाहेरची टेप मागितल्यास दुसऱ्या कामाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत. खाली तेव्हाच्या साहेबांची सही. तपासनिसांनी ते दोनदा वाचलं आणि खिशातून एक कागद काढला. ते साहेबांनी मुख्य कचेरीला लिहिलेलं पत्र होतं.

"इथं पाच मिनिटं लिहिलंय. खरं काय मानायचं?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. काका म्हणाले, "पत्र हौसेनं लिहितात. नियमाखाली सही असते."

तपासनिसांनी नियमपुस्तक मिटलं. मग म्हणाले की नियम सगळ्याच ऑफिसांत असतात, पण ते पाळल्यामुळे अडचणीत आलेलं ऑफिस आज पहिल्यांदाच बघतोय. त्यांनी पत्राची घडी करून ते साहेबांच्या हातात ठेवलं आणि उद्या बाराला येतो म्हणून निघाले.

टेप पहाटेच वर आली होती. बाराला तपासनिसांनी एकशे अठरामधलं ड्रॉइंग उघडून पाहिलं. कुठल्याशा चार मजली इमारतीची लिफ्ट, दोरापासून कडीपर्यंत सगळं जागच्या जागी. मग त्यांनी अहवाल लिहिला आणि त्यात एक वाक्य घातलं, की या कार्यालयात एकोणतीस वर्षांत एकही टेप हरवलेली नाही.

साहेबांनी तो अहवाल सगळ्यांना गोळा करून वाचून दाखवला, तोही असा, की टेपा जणू त्यांनीच वाहिल्या. काकांना चौदा महिने आधीच त्यांचं वाक्य मिळालं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. साहेबांनी लगेच जाहीर केलं, की काकांची बॅग दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ठेवायची. फक्त उद्या ती पुसूनबिसून आणा.

घरी बायकोनं बॅग हातात घेतली, आणि हिला काचेत ठेवायचं तर आधी आतून बाहेरून धुवायला हवी म्हणून उलटी केली. अस्तर एका कडेला उसवलेलं होतं. तिथं तिचा हात आत गेला आणि कशावर तरी आपटला. तिनं ते ओढून काढलं. टेप होती. वर काकांच्याच अक्षरात नंबर होता, एकशे सतरा.

काकांनी टेप हातात घेतली. वहीतलं पान त्यांना न बघताही दिसत होतं. एकशे सतरा, पोहोचली. कसली पोहोचली? एकोणीस वर्षं ती त्यांच्याच खांद्यावरून ऑफिसला जात होती आणि घरी येत होती.

"ज्याची बढाई मारली तेच खोटं निघालं," ते म्हणाले. "आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

बायकोनं चष्मा लावला, लेबल उजेडात धरलं आणि वाचलं. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"तारीख ओळखली नाहीत?" तिनं विचारलं. "धाकटी झाली तो दिवस आहे हा."

धाकटी आतल्या खोलीत फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. काकांनी त्या दाराकडे पाहिलं आणि मग त्यांना सगळं आठवलं. कोठारात असताना फोन आला होता. त्यांनी बॅग टेबलावर उपडी केली, टेपा न मोजता वहीत भराभर 'पोहोचली' लिहिलं आणि धावत सुटले.

"थोरलीच्या वेळी तुम्ही आधी टेपा ठेवल्यात आणि मग आलात," बायको सांगत होती. "मी बाळ घेऊन झोपलेसुद्धा होते. धाकटीच्या वेळी दवाखान्यात मला आत नेलं तेव्हा तुम्ही दारात होतात. मी विचारलं, टेपांचं काय केलंत? तुम्ही म्हणालात, असू दे. तुमच्या तोंडून तेवढं एकदाच ऐकलंय मी."

दुसऱ्या दिवशी काकांनी टेप ढगवालीच्या टेबलावर ठेवली आणि कुठे सापडली ते सांगितलं. नंबर वाचून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, मी तुमच्यापासून लपवलं," ती म्हणाली. "खोकं उघडलं तेव्हा एकशे सतराची जागा रिकामी होती. वहीत बघितलं तर पोहोचली. मला वाटलं, काकांची वही चुकायची नाही, म्हणजे माझ्याच हातून हरवली. आकडा तर चारशे बारा हवा होता. मग एक कोरी टेप केली आणि तिला तो नंबर दिला. तुम्हीच म्हणाला होतात ना, मागतंय तर द्यावं."

काका शेजारच्या खुर्चीत बसले. चार महिने ही पोरगी त्यांची चूक आपली समजून उरावर घेऊन हिंडत होती.

"परवा त्यांचं बोट एकशे सतरावर पडलं असतं तर?"

"मी खिडकी बघून ठेवली होती," ती म्हणाली, आणि मग दोघंही इतकं हसले की शेजारच्या खोलीतला कारकून डोकावून गेला.

हसून झाल्यावर तिनं हळूच सांगितलं, की ही टेप वाचणारं यंत्रच आता भंगारात गेलंय. शिवाय तिच्यावरच्या लिफ्टची इमारत केव्हाच पाडली, हे तिनं घाबरून तेव्हाच शोधून काढलं होतं. कुणाचंच नुकसान नाही. टेप खणात टाकली तर कुणाला कळणार नाही, आणि वाक्यही राहील.

काकांनी नोंदवही ओढली. एकशे सतराचं पान काढलं, 'पोहोचली' वर एक सरळ रेघ मारली आणि तांबडं पेन उघडलं.

"तुझी ती कोरी काढून टाक," ते म्हणाले. "चारशे अकराच लिही."

"आणि साहेबांना? तपासनिसांना?"

"दोघांना कळवतो. बॅग काचेत नको म्हणूनही सांगतो, डबा न्यायला होईल. ते वाक्य काल सगळ्यांसमोर ऐकलं, माझं भागलं."

मग एकोणतीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सावकाश, नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'हरवली होती. कारण, त्या दिवशी मी वेळेवर पोहोचलो.'