सासूबाईंचा सिंह आणि मामांचा कोंबडा

स्वस्तात मस्त सफारी कशी करावी हे नैरोबीत कुणालाही विचारा, तो माझंच, या बारासाचंच नाव सांगेल! निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी सांगत होता.

झालं असं, की सासूबाईंनी उभा जन्म केनियात काढला, पण सिंह पाहिला तो फक्त कॅलेंडरवर. "गोऱ्यांनी विमानानं येऊन सिंह बघायचे, आणि मी काय नुसत्या कोंबड्याच बघत मरायचं?" असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. मला नाही. आमच्या बुकुसू जमातीत सासू-जावई एकमेकांशी बोलत नाहीत, नजरेला नजर देत नाहीत. लग्न झाल्यापासून आमचा सगळा कारभार बायकोमार्फत, म्हणजे नासिमियूमार्फत.

"नासिमियू, आईंना सांग, सिंह मी दाखवतो! आणि हॉटेलचा खर्च शून्य!"

बेत पक्का होता. मारा अभयारण्याच्या गेटजवळ सासूबाईंचे धाकटे भाऊ, खाएम्बामामा, शाळामास्तर आहेत. मुक्काम त्यांच्याकडे, गाडी मित्राची, आणि उजाडायच्या आत आपण जंगलात!

पण मामा पाहुण्यांना असे सोडतात होय? आधी चहा, मग उकडलेली रताळी, मग प्रार्थना. प्रार्थनेत त्यांनी आमच्यासाठी, गाडीसाठी आणि एकेका चाकासाठी वेगवेगळं मागणं मागितलं. उन्हं वर आली. शेवटी मामींनी पाय बांधलेला जिवंत कोंबडा माझ्या हातात ठेवला!

निरोपाचा कोंबडा नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. तरी मी म्हणालो, "मामा, परत जाताना नेतो ना!"

मामांचा चेहरा पडला. "लहान वाटतो का? थांबा, अजून एक पकडतो!"

दुसरा यायच्या आत मी गाडीत बसलो. मागच्या सीटवर सासूबाई, आणि त्यांच्या मांडीवर, पांघरलेल्या रंगीत लेसोच्या पदराखाली कोंबडा.

गेटवर रेंजर खिडकीशी वाकला. "पाळीव जनावर वगैरे काही?"

"छे हो!"

मागून खणखणीत बांग आली.

"आईला खोकला झालाय," नासिमियू म्हणाली.

"असं का? आजी, पुन्हा एकदा खोका बघू."

कोंबड्यानं लगेच हुकूम पाळला!

"कोंबडा आत जाणार नाही," रेंजर म्हणाला.

"मग तुम्ही सांभाळा ना, साहेब!"

"नको रे बाबा! मागं एकाची शेळी सांभाळली, तो अजून भांडतोय."

"इथंच सोडून देऊ या का?" मी हळूच पुटपुटलो.

"नासिमियू, नवऱ्याला सांग, माझ्या भावाचा कोंबडा सोडायचा तर आधी मला सोड म्हणावं!"

"नासिमियू, आईंना सांग..."

"दोघंही गप्प बसा!" नासिमियू ओरडली. "गाडी मी चालवते. तुम्ही कोंबडा धरा. आणि तो फोन द्या इकडे, सिंहाचा फोटो काढायचाय."

गाडी धूळ उडवत आत गेली. मी आणि कोंबडा गेटबाहेर, बाभळीखाली. तो दिवसभर आरवत होता. दुपार कलली तरी थांबेना. आणि हा कोण बोंबलतोय ते बघायला झुडपातून सिंह बाहेर आला! चांगला आयाळवाला!

मी गेटजवळच्या पत्र्याच्या शेडवर कसा चढलो ते देवालाच ठाऊक, पण कोंबडा काखेत होता. सिंह शेडच्या सावलीत आडवा झाला, जांभई दिली, कूस बदलली.

"बारासा, त्या कोंबड्याला गप्प करा!" रेंजर आपल्या चौकीच्या बंद खिडकीआडून ओरडत होता. त्याचंच ऐकत असेल तर तो कोंबडा कसला! बऱ्याच वेळानं सिंह उठला आणि रमतगमत निघून गेला.

संध्याकाळी गाडी परतली. सासूबाई उतरल्या, धुळीनं माखलेल्या, चेहरा एवढासा झालेला. "रानडुकरं दिसली," नासिमियू हळू आवाजात म्हणाली. "आणि सिंह शोधणाऱ्या ढीगभर गाड्या."

मला फार वाईट वाटलं. झाला प्रकार सांगायचाच नाही, असं मी ठरवलं. पण तो रेंजर!

"आजी, सिंह इथं होता हो! तुमच्या जावयाच्या पायाखाली घोरत पडला होता!"

सासूबाईंनी शेडकडे पाहिलं. कोंबड्याकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर मागे सारून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, थेट माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला कोंबडा मी धरते. आत तुम्ही जा!"