घागरीमागे एक उद्घाटन

सांगलीच्या ऑफिसात शिवांजलीने पाण्याच्या मशीनची चाचणी संपल्याचं सांगितलं, तेव्हा तिच्या आवाजात जरा तोराच होता. मशीनच्या प्रत्येक अवस्थेसाठी तिने कागदावर एक गोल काढला होता: थांबलेलं, कार्ड वाचणारं, पाणी सोडणारं. कुठल्या गोलातून कुठल्या गोलात जायचं त्याचे बाण काढले होते आणि एकूण एक बाण तपासला होता.

"मशीन चित्राबाहेर वागलं, तर माझी चाचणी ते पकडणारच," ती म्हणाली. "फक्त त्याच्या पोटात एखादी जादा अवस्था लपलेली नको."

"जादा कुठनं येणार?" प्रोग्रॅम लिहिणारा जयराज म्हणाला आणि चहाला गेला.

जत तालुक्यातल्या एका गावात मशीन बसलं आणि टँकर बंद झाला. उद्घाटनाला शिवांजली जातीने हजर होती. सरपंचांनी फीत कापली, मशीन "मान्यवरांचे आभार" म्हणालं आणि त्यांची घागर भरली. दुसरी घागर आली, तसं ते म्हणालं, "कृपया फीत कापावी."

कार्ड दाखवलं, बटणं दाबली, बंद करून पुन्हा चालू केलं. मशीन फितीवरच अडून बसलं. शिवांजलीने जयराजला फोन लावला.

"उद्घाटनापुरती गंमत म्हणून घातली होती गं. फितीत तार हाय, ती तुटली की पाणी सुटतंय. त्यातनं बाहेर यायचं तेवढं लिहायचं ऱ्हायलं बघ."

शिवांजली ओशाळली. हा गोल तिच्या चित्रातच नव्हता, मग तपासणार कुठून?

जयराज येईपर्यंत गावाने तहानलेलं थोडंच राहायचं? रंगुबाईने फीत पुन्हा बांधायला लावली, डोक्यावर पदर घेतला आणि कापली. आभार झाले, घागर भरली. मग रांगच लागली. बिराप्पा मेंढरांचं पाणी न्यायला आले ते फेटा बांधून, आणि वर चार शब्दही बोलले.

दुपारी जयराज पोचला. लॅपटॉप उघडतोय तोच धोंडुबाई रिकामी घागर घेऊन आडवी आली.

"काय करतूयास रं?"

"मशीन नीट करतोय, आजी. आता फीत कापाय लागणार न्हाई."

"समद्या गावाचं झालं, आन् माज्या वक्ताला नीट करतूस व्हय? रंगी सुदिक कापून गेली. माजी सून रुसून म्हायेरी बसलीया. टाळ्या वाजवाय बोलावलंय तिला. सांजच्या एसटीनं यील. तवर ऱ्हाऊ दे बिघडल्यालं."

जयराजने शिवांजलीकडे पाहिलं. तिने त्याच्या लॅपटॉपच्या पिशवीतून तार ओवलेली नवी फीत काढली आणि गाठ मारायला वाकली.