उपग्रहाला आलेला वास

जमिनीला नखही न लावता तिच्या पोटातला गॅस शोधून दाखवीन, असं मी भर मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगितलं! उपग्रहाची चित्रं वाचणं हे माझं काम. आमचे साहेब मात्र खोदकामातले. खुर्चीत रेलून म्हणाले, "आकाशातून गॅस दिसतो? मग माझ्या पोटातलाही बघून सांगा!"

सगळे खिदळले. माझं टाळकं सटकलं. मी पडद्यावर चित्र लावलं. ओसाड माळावर लालभडक ठिपका!

"मिथेन आहे, साहेब! आजूबाजूचं गवतही पिवळं पडलंय. खालून झिरपतोय!"

"खोटं निघालं तर तुमचा विभाग बंद!" साहेब गरजले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही गाडी घेऊन माळावर धडकलो. मातीने झाकलेल्या एका उंचवट्यात नळी खुपसली आणि यंत्र असं किंचाळलं, की साहेबांनी चक्क माझी पाठ थोपटली!

तेवढ्यात शेडमधून एक म्हातारा फावडं उगारत धावत आला.

"कोण रे माझ्या खताला भोसकतंय?"

माझे सासरे! निवृत्तीनंतर त्यांनी कुठेसा माळ घेतलाय आणि बाजारातली सडकी भाजी आणून खताचे डोंगर रचतायत, एवढं बायको सांगायची. 'एकदा बघायला चल' असंही म्हणायची. मला सवड कुठे?

"या, जावईबापू! बोलावून बोलावून माझी जीभ झिजली, तेव्हा आला नाहीत. आणि आता वरून डोकावताय?"

"बाबा, तो उपग्रह..."

"माझ्या खताला वास येतो, हे सांगायला उपग्रह लागला?"

"खत?" साहेबांची कानशिलं तापली. "या सडक्या पाल्यासाठी मला इथवर फरफटत आणलं?"

"सडका कोणाला म्हणता?" सासऱ्यांनी साहेबांचं मनगट धरलं आणि हात कोपरापर्यंत ढिगात घातला!

मी डोळे मिटले. संपला विभाग!

साहेबांनी मूठ बाहेर काढली. हुंगली. मग हळूच विचारलं, "गुलाबांना चालेल?"

"चालेल? धावेल!"

परतताना गाडीत इतकी पोती चढली, की मलाच जागा उरली नाही. "विभाग चालू राहू दे," खिडकीतून साहेब ओरडले, "तुम्ही चालत या!"

मी धुळीत उभा. फोन वाजला. बायको!

"बाबांकडे गेलास? आणि मला न घेता?"