ज्याचा हात, त्याचा शब्द

डॉक्टर नाफडे क्रिकेटच्या बॉलचं ऑपरेशन करतात. आमच्या सुदामा नगरात कुणाच्याही बॉलची शिवण उसवली की तो त्यांच्याकडे जातो. ते टेबलावर हिरवं कापड अंथरतात, वाकडी सुई काढतात आणि बॉल चष्म्याजवळ नेऊन विचारतात, "पेशंटला आणायला इतका लेट का केला, भिया?" टाके घालून झाले तरी बॉल लगेच मिळत नाही. "अ‍ॅडमिट आहे. परवा या."

वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी राज्याच्या संघातून खेळले, मग फौजेत सर्जन झाले आणि एकाहत्तरच्या लढाईत तंबूत जखमींची पोटं शिवली. इंदूरला परतले ते इथलेच होऊन राहिले. काकू होत्या तेव्हा भरल्या कारल्यांना दोरा गुंडाळायचं काम त्यांच्याकडे असे. गुंडाळणं त्यांना कमीपणाचं वाटे, म्हणून ते रीतसर टाके घालत. पान वाढून झालं की काकू म्हणायच्या, "सावकाश हं, ह्यांचे टाके तुटत नाहीत." त्या घरात मी कारल्यासाठी कात्री मागितलेली आहे.

लढाईबद्दल विचारलं तर एकच गोष्ट सांगत. "माझे दोन्ही हात पोटात. नाडी कोण बघणार? शेजारी एक जवान मनगट धरून बसायचा. तो म्हणाला, 'है साब', तर मी शिवत राहायचो. म्हणाला, 'गई साब', तर पुढचा पेशंट. मी कधी चेक नाही केलं. ज्याचा हात, त्याचा शब्द."

हा नियम त्यांनी मैदानावरही आणला. गणपतीनंतर सुदामा नगर आणि पलासियावाल्यांची मॅच असते. त्यात डॉक्टर अंपायरकडे बघतच नसत. ज्याच्या हातात बॉल, त्यालाच विचारत, "आऊट?" तो हो म्हणाला की बॅट काखेत मारून चालू पडत. एकदा तर अंपायर "नॉट आऊट है, डॉक्टरसाब" म्हणत त्यांच्यामागे बाउंडरीपर्यंत पळाला होता. तोवर यांनी पोह्यांची प्लेट हातात घेतली होती.

आता माझं सांगतो. ते मी बारा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

माझं ऑफिस पलासियाला, म्हणून मी त्या बाजूने खेळायचो. विकेटकीपर. त्या वर्षी डॉक्टर टिकून खेळत होते आणि आम्ही हरायला आलो होतो. एक बॉल त्यांच्या बॅटच्या बाजूने माझ्या ग्लोव्हजमध्ये आला. मधली फट मला स्वच्छ दिसली होती. तरी मी ओरडलो. अंपायरने नकारार्थी मान हलवली. डॉक्टर मागे वळले.

"आऊट?"

"हो," मी म्हणालो. "लागला."

त्यांनी ग्लोव्ह काढला आणि आपली बोटं बघितली. "मला कळलंच नाही," असं हळूच म्हणाले आणि निघून गेले. मॅच आम्ही जिंकलो. मी दोन कचोऱ्या खाल्ल्या.

तेव्हा ते आठवड्यातून दोनदा एका धर्मादाय दवाखान्यात फुकट ऑपरेशनं करत. पुढच्याच आठवड्यात त्यांनी ते सोडलं. कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "ज्या हाताला बॅटवरचा बॉल कळत नाही, त्याने माणसाच्या पोटात जायचं नाही." कॉलनी हसली. डॉक्टरांचा आणखी एक वेडेपणा. मीही हसलो.

वर्षभरात काकू गेल्या. मग मी डॉक्टरांकडे बॉल घेऊन जायला लागलो. दर रविवारी उसवलेला बॉल कुठून मिळणार? सियागंजच्या बाजारातून नवे आणायचो आणि घरी ब्लेडने शिवण कापायचो. पेशंट तयार करायचो म्हणा.

गेल्या रविवारी ते सुई हातात घेत होते तेव्हा तोंडातून निघूनच गेलं. "डॉक्टरसाहेब, तो बॉल लागला नव्हता. मला दिसलं होतं. मी खोटं बोललो."

कुठला बॉल, हे त्यांनी विचारलं नाही. दोरा मोजून कापला.

"लागला होता," ते म्हणाले.

"पण तुम्हीच म्हणाला होतात, कळलं नाही म्हणून."

"बॅट्समन काय, काहीही बोलतो. पतली एज होती. कळली होती मला." मग माझा बॉल उचलून शिवणीवरून अंगठा फिरवला. "आणि हे उसवलेलं नाही, कापलेलं आहे. दर वेळी कापलेलंच आणतोस. बोट कापून घेशील एखाद दिवशी. खाली हाथ येत जा ना, भिया. चहा तर मी तसाही दोघांचा टाकतो."

मी त्यांच्या हातांकडे बघत बसलो. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली आणि पहिल्याच खेपेला दोरा नेढ्यातून पार नेला.