नलूची शर्यत आणि कमलाकांतचा गजर

कमलाकांत खोटं बोलला ते देवाच्या नावावर, म्हणूनच ते घिवली गावभर पसरलं.

"बोईसरला कीर्तन हाय. नलूला ऐकवून आनतो," एवढंच तो म्हणाला होता. नलू त्याची धाकटी बहीण. एकोणीस वर्षांची, सगळं जरा सावकाश समजणारी. बोईसरच्या मतिमंद मुलांच्या शाळेत ती जायची. त्या रविवारी अशा शाळांच्या शर्यती होत्या आणि घरचं माणूस सोबत हवंच, असं शाळेनं बजावलं होतं. नलू महिनाभर ओहोटीच्या वाळूवर पळत होती. कोणी विचारलं की कमलाकांत सांगे, "कुत्रा मागं लागला असंल." भजनी मंडळाचा तो म्होरक्या. चारचौघांत बहिणीला लोक हसले, तर आपल्या अभंगाला मान कोण डोलवणार?

पण कीर्तन म्हटल्यावर घिवली घरी बसते होय? सकाळी मंडळ टाळ-मृदंगासह हजर. मासळी विकणाऱ्या गोदूबाईंनी तर आपला टेम्पो धुऊन आणलेला.

"बुवा कोन हायेत रं?"

"हायेत... लांबचे."

"लांबचे म्हंजे?"

"आळंदीकडचे."

"अगो बाय! चला, चढा लवकर!"

टेम्पोत खुशीत होती ती एकटी नलू. "मी धावनार हाय!" ती प्रत्येकाला सांगत होती.

"धाव गो," गोदूबाई म्हणाल्या, "परसादाला सगलेच धावतात."

इथवर झाला पूर्वरंग. उत्तररंग रंगला मैदानावर. तिथं चुन्याचे पट्टे, फुगे, कर्णा. मंडपही होता, फक्त बुवा नव्हते.

"शर्यती झाल्यावर येतील," कमलाकांतची जीभ पुन्हा घसरली. मंडळ ऐसपैस बसलं. तो मात्र मंडपाच्या खांबाआड जाऊन उभा राहिला, नलूनं हाक मारली तर ऐकू येऊ नये इतका लांब.

शिट्टी झाली. पाच मुली सुटल्या. वाळूत तयार झालेले नलूचे पाय कोरड्या जमिनीवर असे झपाझप पडले, की बाकीच्या मागंच राहिल्या.

"अरं, ती आपली नलू!" गोदूबाई ओरडल्या.

खांबाआड कमलाकांतला भरून आलं. लाज कुठं गळून पडली, त्यालाच कळलं नाही. तो पुढं धावला, दोन्ही हात वर केले. आनंद झाला की काय ओरडायचं, हे त्याला एकच ठाऊक होतं.

"पुंडलिक वरदे..."

"हारि विठ्ठल!" मंडळानं उचललं. टाळ खणखणले, मृदंगावर थाप पडली.

आणि नलू थांबली. शेवटची रेषा अगदी पुढ्यात, पण ती हात जोडून, डोळे मिटून उभी. गजर चालू असताना पाय हलवायचा नाही, हे कमलाकांतनंच तिला लहानपणी कान धरून शिकवलेलं. मागच्या चौघी आल्या, तिला पाहून त्यांनीही हात जोडले. पंचांनी तर चपला काढल्या.

मैदान खो खो हसलं. कमलाकांतला भीती होती तेच झालं. फक्त लोक हसत होते ते त्याला.

नलूच्या शिक्षिका शैलाबाई तरातरा आल्या. "कोण हो तुम्ही? मुलीची हातातली शर्यत घालवलीत!"

"मी... भाऊ हाय तिचा." चारचौघांत हे सांगायची त्याची पहिलीच वेळ, आणि ती अशी.

नलू आली. चेहरा लालबुंद. ती बाईंच्या कानाशी लागली, पण तिचं कुजबुजणं पहिल्या रांगेपर्यंत गेलं. "बाई, दादाला भाएर पाठवा. मला लाज वाटते."

शर्यत पुन्हा घ्यायचं ठरलं. अट एकच, घिवलीकर फाटकाबाहेर.

बाहेर उन्हात मंडळ टाळ कुशीत धरून उभं राहिलं.

"म्हंजे कीर्तन नायच?" गोदूबाईंनी विचारलं.

"नाय. मी खोटं बोललो."

"का रं मेल्या?"

कमलाकांत टाचा उंचावून मैदानाच्या भिंतीवरून डोकावू लागला. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

बर्फाच्या गोळेवाल्यानं गाडी थांबवली. "अंदर क्या है भाईसाब?"

"मेरा बहन दौडता है," कमलाकांत जरा मोठ्यानंच म्हणाला.

"तो आप बाहर?"

"उसनेच निकाला."

आत शिट्टी झाली. टाळ्यांचा आवाज चढू लागला, तसा मृदंगवाल्या जानूचा हात आपसूक उठला. कमलाकांतनं झडप घालून मृदंगच पोटाशी कवटाळला.

"नको रं," तो कळवळून म्हणाला. "थांबंल ती."