ताबासूर वरच्या मजल्यावर राहतो

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, एक फिरती खुर्ची आहे. उंच पाठीची, काळ्या कातड्याची, कारखान्याच्या मालकाच्या केबिनमध्ये असते तशी. ती तशी असणारच, कारण कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका मालकाच्या केबिनमधूनच ती इथे आली. तिच्यावर मालक बसलेले असतात, फाटकाकडे पाठ करून. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन आत शिरलात की खुर्ची सावकाश फिरते. आधी तुळतुळीत टक्कल दिसतं, मग जाड भुवया, आणि मग आवाज येतो, "बोला."

आता तुम्हाला बोलायचं काहीच नसतं. तुम्ही आपल्याच घरी चाललेले असता. तरी तोंडातून निघून जातं, "दोडका आणला."

"दोडका. बरं. जावा."

आणि तुम्ही जामिनावर सुटल्यासारखे जिना चढायला लागता. हे आमचे सर्जेराव.

फाटकाकडे पाठ करून कसली राखण होते, असं मला आधी वाटायचं. मग कळलं, ते हातातल्या फोनवर कॅमेरे बघत असतात. तुम्ही गल्लीच्या तोंडाला दिसल्यापासून त्यांना सगळं माहीत असतं. खुर्ची फिरवायची ती नुसती रुबाबासाठी.

सर्जेरावांचा लाडका शब्द एकच, 'ताब्यात'. टेरेसची किल्ली ताब्यात, पाण्याची मोटर ताब्यात, जिन्यातले दिवेसुद्धा ताब्यात. सोसायटीचे चेअरमन तेच, गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष तेच, आणि सकाळच्या हास्यक्लबचे आधारस्तंभही तेच. तिथे त्यांनी "हसा" म्हटल्याशिवाय कुणाची हसायची टाप नाही. डॉक्टरांनी बीपी विचारलं तर म्हणाले, "ताब्यात हाय." आणि साखर? "ती अजून हाती लागंना. पन घेतो ताब्यात."

हार त्यांनी एकदाच खाल्ली, तीही म्हशीकडून. संध्याकाळी आमच्याकडे लोक कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जातात. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात. एका संध्याकाळी म्हशीने पाय झाडला, तर सर्जेराव तिच्या मालकाला म्हणाले, "म्हस तुझ्या ताब्यात न्हाय. सोड, मी धरतो." त्यांनी दावं धरलं आणि भुवया वर करून म्हशीकडे बघितलं. म्हशीने पान्हा चोरला तो चोरलाच. शेवटी लोकांनी हातापाया पडून त्यांना रस्त्याच्या पलीकडे उभं केलं, तेव्हा कुठे धार सुटली.

माझा सख्खा भाऊ पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा खालीच अडकला. "पावणं, कुनाकडं?" इथून सुरुवात झाली ती चहापर्यंत गेली. भाऊ वर आला तेव्हा खुशीत होता, म्हणाला, काय दिलदार माणूस आहे! दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन आत शिरले. खुर्ची फिरली. "बोला, चिमे."

शाळेतलं माझं टोपणनाव. नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते ती चुकचुकतेच. कारखाना आहे, गाडी आहे, याच बिल्डिंगमधले तीन फ्लॅट आहेत, त्यातल्या एकात भाडेकरू म्हणून आम्ही. एवढं असताना या माणसाला माझ्या दोडक्याची माहिती कशाला हवी? बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा परदेशात असतो एवढं ऐकून होतो, पण त्याचं नाव काढलं की खुर्ची उलटी फिरायची. काहीतरी शिजतंय, असं मला वाटे. समोरच्या रेहानाभाभींनाही तसंच वाटे. त्या घरी शिवणकाम करतात, मशीन थांबवून म्हणायच्या, "माणूस वाईट न्हाय गं, पन सरळ बी न्हाय."

आता माझ्या धंद्याचं सांगते. मी मुलांच्या एका मासिकात चित्रकथा काढते. नायिका शाळकरी, नाव चपला. नावात वीज आणि पायात कोल्हापुरी. संकट आलं की चपला आभाळातून उतरते, फक्त वहाणांची करकर आधी ऐकू येते आणि चोर पळून जातात. संपादकबाई वैतागल्या. म्हणाल्या, "भुरटे चोर पुरे झाले. एक दांडगा खलनायक आण. गडगंज श्रीमंत, सत्तेला हपापलेला, अख्खं जग मुठीत घ्यायला निघालेला." असा माणूस आणू कुठून, या विचारात मी घरी आले. फाटक उघडलं.

खुर्ची फिरली.

त्या महिन्यात ताबासुराचा जन्म झाला. टक्कल, भुवया, खुर्ची, सगळं जसंच्या तसं. पहिल्या अंकात त्याने रंकाळ्याचं पाणी ताब्यात घेतलं. दुसऱ्यात शहरातल्या झाडून सगळ्या पातेल्यांना गुप्त नळ्या जोडून तांबडा रस्सा ओढून घेतला आणि खुर्चीतून गरजला, "आता जेवा नुसती भाकरी!" मुलांची पत्रं आली. ताबासूर चपलेपेक्षा जास्त आवडला होता. नवऱ्याने मात्र अंक बघितला आणि त्याचा घास हातातच राहिला. "अगं, घरमालक आहे तो आपला."

"ते कुठे मुलांचं मासिक वाचतात?" मी म्हणाले.

पुढच्याच महिन्यात शाहूपुरीतल्या पेपरवाल्याकडे गेले तर अंक शिल्लक नाही. "एक टक्कलवालं आलतं गाडीतनं, सगळा गठ्ठा उचलला की," तो म्हणाला. पुढच्या महिन्यातही तेच. मग आमच्या दारासमोर नवा कॅमेरा बसला. नवरा म्हणाला, पुरावे गोळा करतोय. रेहानाभाभी म्हणाल्या, नोटीस येणार. मी दोडका आणायचं बंद करून फोनवरून भाजी मागवायला लागले, म्हणजे खुर्चीसमोरून जायला नको.

पण लिफ्टमध्ये गाठ पडलीच. दोघंच होतो. सर्जेराव दाराकडे बघत म्हणाले, "ताई, त्या ताबासुराच्या टकलावर तीळ काढलाय तुमी. कुठल्या बाजूला?"

"डाव्या," मी म्हणाले.

"माझा उजव्या बाजूला हाय," ते म्हणाले. माझा मजला आला तरी दाराची झडप त्यांनी हाताने धरून ठेवली. "आनि एवढा पैशाचा मानूस, त्येच्याकडं हिशोबाला कोन न्हाय? पोरांच्या टोळ्या हायत्या, त्यांचा पीएफ कोन भरतंय? जरा बघा. आनि पुढं काय करनार हाय त्यो?"

"अजून ठरलं नाही."

"मारनार न्हाय न्हवं?"

मी काहीतरी पुटपुटले. खरं म्हणजे ठरलं होतं. संपादकबाईंना दिवाळी अंकात मालिका संपवायची होती आणि ताबासुराचा कायमचा निकाल लावायचा होता. शेवटचं पान मी काढूनही ठेवलं होतं. चपलेची कोल्हापुरी वहाण भिरभिरत येते, टकलावर बसते, आणि ताबासूर खुर्चीसकट रंकाळ्यात. बुडबुडे, आणि त्यांच्यावर एकच शब्द, "गेलो!"

त्यानंतर सर्जेराव रोज विचारायला लागले. जिन्यात, फाटकात, हास्यक्लबात हसता हसता मध्येच. "मारनार न्हाय न्हवं?" धमकी आहे की विनंती, काही कळेना. नवऱ्याने गुपचूप दुसरी जागा बघायला सुरुवात केली.

मग एका रविवारी दुपारी आम्ही जेवून आडवे झालो होतो, आणि वरून डरकाळी आली. "आता तुला कोन सोडवनार न्हाय!" पाठोपाठ लहान मुलीची किंकाळी.

मी दारात आले तर रेहानाभाभी आधीच बाहेर, हातात कात्री. "पोरगी कुठली गं वर? त्यांच्यात तर कोनच न्हाय!"

आम्ही दोघी धावत वर गेलो. बेल दाबली, दार बडवलं. आतून पुन्हा गर्जना, "समदं कोल्हापूर माज्या ताब्यात!" आणि दार उघडलं.

सर्जेरावांच्या गळ्याला सत्काराची शाल बांधलेली होती, जरीच्या काठाची, पाठीवर झुलणारी. अध्यक्षपदांच्या त्या शाली कपाटात कुजतात अशी माझी समजूत होती. हातात माझा अंक. टेबलावर तांब्याला टेकवून फोन उभा केलेला, आणि फोनमध्ये सातेक वर्षांची एक मुलगी पोट धरून हसत होती.

"आजोबा, कोण आलं? चपला आली?" ती ओरडली.

"न्हाय गं. चपला काढनारी आलीया," सर्जेराव म्हणाले. ते असे लाजलेले मी पहिल्यांदाच बघत होते. भाभींनी कात्री पदराआड घेतली.

ती ईरा, त्यांची नात. जर्मनीत जन्मली, तिथेच वाढली. मराठी वाचता येत नाही, म्हणून आजोबा दर रविवारी वाचून दाखवतात, सोंगासकट. तिचं मराठी या ताबासुरावरच पोसलेलं. "मी आलो, मी जेवलो, नाद करायचा न्हाय," असं खणखणीत बोलत होती. मुलींनीही आलो-गेलो म्हणायचं, ही आमची कोल्हापुरी रीत तिने साता समुद्रापलीकडे बरोबर उचलली होती.

"आणि एवढे गठ्ठे कशाला घेता?" मी विचारलं.

"तिच्या वर्गातल्या पोरांस्नी धाडतो. वाचाय येत न्हाय, चित्रं बघत्यात."

फोन बंद झाल्यावर त्यांनी शाल काढून घडी घातली. चहा टाकला. बोलायला माणूस मिळालं म्हणून असेल, किंवा कात्री बघून असेल, पण ते बोलले. मुलाला कारखान्यात बसायचं नव्हतं. "मी म्हनलो, बसायचं. शिक्षान मी केलं, लगीन मी केलं, आता कारखाना बी ताब्यात घ्यायचा. दोन वर्सं त्येचा पासपोर्ट माज्या कपाटात ठिवला. शेवटी घेऊन गेला त्यो. पाया पडला, आनि दारात म्हनला, 'जातो.'"

भाभी हळूच म्हणाल्या, "असं कोन म्हनतंय, भाऊ?"

"कोन न्हाय म्हनत. येतोच म्हनत्यात की. मयताला निघालेला मानूस बी घरातनं येतोच म्हनून निघतोय. ह्यो 'जातो' म्हनला. तवापास्नं आला न्हाय." त्यांनी बशी टेबलावर ठेवली. "रविवारी पोरीसाठी फोन त्योच धरतोय. बोलत न्हाय. कोपऱ्यात अंगठा तेवढा दिसतोय कवाकवा. नखावरनं वळखतो मी, ल्हानपनी दारात चेमटलेलं हाय."

माणसं घराच्या वाटेने जाताना खुर्चीपाशी थांबावीत, दोन शब्द बोलावीत, मग तो दोडका का असेना, एवढ्याचसाठी हे सगळं होतं की काय, असं पहिल्यांदा मनात आलं. लगेच 'चिमे' आठवलं आणि दया जरा आवरती घेतली.

"ताबासूर मेला तर पोरगी फोन कशाला करंल, ताई?" सर्जेराव म्हणाले. "मासिकच इकत घेऊ काय? कितीला देतील?"

मासिक विकाऊ नाही आणि पान छापायला निघालंय, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ताबासूर कसा बुडतो तेही सांगितलं. ते बराच वेळ भुवया चोळत बसले. एवढा मोठा चेअरमन, पण ठराव मांडायला धजत नव्हता.

"बुडवा," शेवटी म्हणाले. "चुकलंच हाय त्येचं, बुडवा. पन 'गेलो' नका लिवू. 'येतो' लिवा."

मी त्याच संध्याकाळी बुडबुड्यांवरचा शब्द खोडून नवा लिहिला. संपादकबाईंचा फोन आला. "अगं, बुडताना कुणी 'येतो' म्हणतं का?"

"कोल्हापुरात म्हणतात," मी सांगितलं.

दिवाळी अंक आला. रविवारी सर्जेरावांनी आम्हा दोघींना वर बोलावलं, चिवडा-लाडूची ताटं मांडली, शाल बांधली आणि शेवटचं पान वाचलं. वहाण आली, टकलावर बसली. खुर्चीचा आवाज तोंडाने काढत ते सोफ्यावर कोसळले. आणि अगदी हळू, उशीत तोंड असावं तसे म्हणाले, "येतो."

ईरा हसली नाही. स्क्रीनजवळ आली. "येतो म्हणाला ना? म्हणजे येणार ना तो परत?"

"येतो म्हनलं की येतंच मानूस," सर्जेराव सोफ्यावरूनच म्हणाले. "न्हाय कसं?"

पोरीने मान डोलावली. फराळाचं बोलणं झालं, लाडू दाखवून झाला. मग तिची आंघोळीची वेळ झाली आणि तिने हात हलवला. "येतो, आजोबा!"

पोरगी स्क्रीनसमोरून पळाली. फोन मात्र बंद झाला नाही. समोर रिकामी खुर्ची, मागे भिंत, आणि कोपऱ्यात एक अंगठा, नख जरा वाकडं. भाभींनी माझा हात धरला.

एवढ्याशा पोरीला 'ये' म्हणतात. सर्जेराव उठून टेबलाशी गेले, शाल सावरली, आणि त्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "या."