काढलं म्हणजे काढलं

निर्णय कसा घ्यावा, हे कुणीही माझ्याकडून शिकावं. फोनवर कुणाला फॉलो करायचं आणि कुणाला सोडायचं, यावर लोक महिनोनमहिने घोळ घालत बसतात. माझा नियम सोपा. एखाद्याची पोस्ट बघून माझ्या तोंडून 'अरे देवा' निघालं की तो माणूस बाद! मग फेरविचार नाही, दयामाया नाही.

माझं पडदे शिवून देण्याचं दुकान आहे. पुढे कापडाचे तागे, मागे शिवणयंत्रं आणि मध्ये उरलेल्या कापडाचा एक पडदा. त्या सकाळी मी गल्ल्यावर बसून सफाई सुरू केली. व्यायाम करणारी मैत्रीण गेली. आपल्या मांजरीच्या वतीने बोलणारा चुलतभाऊ गेला. इतकं हलकं वाटलं की राहवेना, धाकट्या बहिणीला फोन लावला.

"सगळ्यांना काढून टाकलं," मी ऐटीत म्हणाले. "मास्तरांनासुद्धा. रोज सकाळी उठून तेच ते. माणसाने सहन तरी किती करायचं?"

मास्तर म्हणजे माझ्याकडचे जुने शिंपी. रोज सकाळी ते गुलाबाचा फोटो टाकतात आणि खाली 'सुप्रभात' लिहितात. फूल तेच, दव तेवढं कमीजास्त.

बहिणीने विचारलं, भावोजींचं काय? आमचे हे गाडी धुतली की तिचे फोटो टाकतात, चारी बाजूंनी.

"त्यांना तर सगळ्यात आधी काढलं. आता कसं मोकळं वाटतंय."

पडद्याने माणूस दिसत नाही, पण आवाज सगळा पलीकडे जातो. पडद्यांच्या धंद्यात राहून मला हे कळायला हवं होतं.

मागचं यंत्र थांबलं. मास्तर बाहेर आले. त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली त्यांची कात्री होती. "येतो, ताई," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. मला वाटलं, कात्रीला धार लावायला गेले असतील. दुपार झाली तरी पत्ता नाही, फोनही उचलेनात. एका हॉटेलचे पडदे दुसऱ्या दिवशी टांगायचे होते आणि त्या जाड कापडाला मास्तरांसारख्या चुण्या घालणारं दुसरं कुणी नव्हतं.

तेवढ्यात हे माझा डबा घेऊन आले. पडद्यामागे इस्त्री करणाऱ्या मावशींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, स्वतःच्या वाटणीचा चहाही दिला. हे गोंधळून गल्ल्याशी आले.

"मावशी विचारताहेत, राहायची सोय झाली का. कुणाची?"

मग मावशींकडून सगळा उलगडा झाला. मी मास्तरांना कामावरून काढलं होतं आणि नवऱ्याला घरातून. यांनी शांतपणे खिशातून फोन काढला, खात्री करून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे काढलंयस खरं."

त्यांची समजूत संध्याकाळवर ढकलून मी मास्तरांचं घर गाठलं. ते दारात बसून कात्रीला तेल देत होते. मी हसत हसत खुलासा केला. अहो, कामावरून नाही, नुसतं फोनवरून काढलंय.

मास्तर हसले नाहीत.

"कामावरून काढलं असतं तर समजलो असतो, ताई. धंद्यात वरखाली होतं. पण फुलांनी काय घोडं मारलं होतं?" ते कात्री पुसत राहिले. "बघणारं तरी कोण होतं? नात आणि तुम्ही. नात तर बघतही नाही."

मला फार वाईट वाटलं. हॉटेलचे पडदे क्षणभर विसरलेच मी. तिथेच उभ्या उभ्या फोन काढून परत फॉलो करायला गेले, तर दिसलं, 'विनंती पाठवली आहे'. आजोबा रागावलेले बघून नातीने त्यांच्या खात्याला कुलूप घालून दिलं होतं.

मास्तर कात्री घेऊन माझ्याबरोबर निघाले. काम अर्धवट टाकणं त्यांना शोभत नाही, असं म्हणाले. पडदे वेळेवर टांगले गेले, चुण्या अशा पडल्या की मालक हात फिरवून बघत होता. यांच्या गाडीला मी आता न चुकता लाईक देते.

माझी विनंती मात्र अजून तशीच पडून आहे. परवा धीर करून मी पडद्यामागे डोकावले आणि विचारलं, मास्तर, तेवढं बघताय ना?

त्यांनी सुईत दोरा ओवला.

"बघतो, ताई. असले निर्णय घाईने घेऊ नयेत."